उकळत्या भांड्यासमोर उपाशी

चिनी बाईच्या हातातला ग्लास मी फटका मारून उडवला.

ग्लासात कोला होता. थोडा टेबलावर सांडला, थोडा उकळत्या भांड्यात पडून फसफसला, उरलेला शकूच्या साडीवर गेला. शकू म्हणजे माझी धाकटी जाऊ. ती खुर्चीत तिरकी झाली होती. मान खांद्यावर पडलेली, डोळे अर्धे उघडे, ओठ हलत होते पण शब्द नव्हता. तिचा मुलगा महेश तिच्या गालांवर थोपटत होता. सून केतकी फोनवर इंग्रजीतून हॉटेलचा पत्ता सांगत होती. आणि मी ओरडत होते, "गोड देऊ नका तिला! साखरेचा आजार आहे तिला! मारता का काय बाईला?"

चिनी बाई माझ्याच वयाची. हॉटेल तिचंच होतं. तिला मराठी येत नव्हतं, मला चिनी येत नव्हतं, पण ती मला शिव्या देत होती एवढं मला कळलं. तिने मला कोपराने बाजूला सारलं. मी परत पुढे झाले. तिने वाढणाऱ्या पोरीला काहीतरी सांगितलं आणि त्या पोरीने माझे दोन्ही हात धरून ठेवले. चाळीस वर्षं खानावळ चालवली मी, माझे हात असे कुणी धरले नव्हते.

हे २००७ सालच्या जूनमधलं, लंडनमधलं. भर दुपारचं. आता पहिल्यापासून सांगते.

हाउन्सलो

महेश तिथे हाउन्सलो नावाच्या भागात राहत होता. कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी. त्याने आम्हा दोघींना सहा आठवड्यांसाठी बोलावलं होतं. तो शकूचा मुलगा, पण मला मोठी आई म्हणतो. मला मूलबाळ नाही. त्याला पहिला वरणभात मी भरवला, शाळेत मी घातला, कारण शकू चुलीपाशी असायची आणि बाहेरची कामं माझ्याकडे. कराडला आमची खानावळ होती. दोघींचे नवरे लवकर गेले, मग दोघींनी ती चालवली. शकूने रांधायचं, मी वाढायचं. कुणाला किती वाढायचं हे मी ठरवायचं.

हाउन्सलोला विमानं घरावरून इतकी खालून जातात की त्यांची चाकं दिसतात. पहिले दोन दिवस शकू प्रत्येक विमानाला मान खाली घालायची. घरं सगळी एकसारखी, एकाच साच्यातून काढल्यासारखी. तिसऱ्या दिवशी मी एकटी कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत येताना शेजारच्या दारात शिरले. आत एक पंजाबी बाई भाजी चिरत बसली होती. मी तिला विचारलं, "तू कोण?" ती हसली आणि तिने मला चहा दिला. चहा चांगला होता. आमच्या घरी केतकी कपात पिशवी बुडवून देते, तो चहा नव्हे.

बेसिनला दोन नळ, एकातून कढत आणि एकातून बर्फासारखं पाणी. मधलं पाणी पाहिजे असेल तर आपण ओंजळीत करायचं. एवढा हुशार देश, पण हे त्यांना सुचलं नाही.

शकूला तीन महिन्यांपूर्वीच इन्सुलिनची सुई सुरू झाली होती. सकाळ-संध्याकाळ घ्यायची, आणि ज्या दिवशी दुपारचं जेवण मोठं असेल त्या दिवशी दुपारीही थोडी. इन्सुलिनच्या बाटल्या फ्रिजमध्ये लोण्याशेजारी ठेवलेल्या असत. सुई टोचताना ती माझ्याकडे पाठ करायची. मला वाटायचं, लाजते. आयुष्यभर चहात तीन चमचे साखर घेतली, त्याची शिक्षा आहे, लाजणारच. असं मी तिला बोलूनही दाखवलं होतं.

वेम्बली

दुसऱ्या आठवड्यात केतकीने आम्हाला वेम्बलीला नेलं. तिथे एक लांबलचक रस्ता आहे, त्यावर सगळी आपली दुकानं. कारली, दोडके, कढीपत्ता, आंब्याच्या पेट्या, साड्या, देवाचे फोटो. दुकानदार बहुतेक गुजराती. मी एका दुकानात मेथीची जुडी उचलून नाक लावलं तर दुकानदार म्हणाला, "माजी, फ्रेश छे." मी म्हटलं, "ते नाक सांगेल." दोन तास आम्ही नुसत्या चालत होतो. ऊन होतं, तिकडच्या मानाने चांगलंच.

चालता चालता शकू मागे राहिली. मी वळून पाहिलं तर भिंतीला टेकून उभी, पर्समधून काहीतरी काढून घाईघाईने तोंडात टाकत होती. मी जवळ गेले.

"काय खातेस?"

"काही नाही ताई. गोळी."

"कसली गोळी? वास घेऊ. गोड आहे ही!"

"ग्लुकोजची आहे. हातापायात कापरं भरलं म्हणून. डॉक्टरांनी सांगितलंय जवळ ठेवायला."

"साखरेच्या पेशंटला डॉक्टर साखर खा म्हणतो होय? मला शिकवतेस?"

"सुई घेतली की कधी कधी खाली जाते, ताई—"

"काय खाली जातं? जीभ जाते तुझी गोडावर. साठी ओलांडली तरी चोरून खातेस."

तिने पर्स मिटली. ती नेहमीच गप्प बसायची. केतकी पुढच्या दुकानात होती, तिने यातलं काही ऐकलं नाही. त्या गोळ्या केतकीनेच आणून दिल्या होत्या, हे मला नंतर समजलं. कुणी मला सांगितलं नाही असं मी पुष्कळ दिवस म्हणत होते. ते खोटं आहे. शकूने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

भांड्यापाशी

त्यानंतरच्या रविवारी केतकी म्हणाली, "मोठ्या आई, तुम्ही दोघींनी इतकी वर्षं लोकांना करून घातलंय ना, आज अशा रेस्टॉरंटला नेते की किचनच टेबलवर येतं. चायनीज हॉटपॉट."

"म्हणजे तिथेही आम्हीच शिजवायचं?"

"फन असते ओ ती!"

"आम्ही चाळीस वर्षं फनच करत होतो म्हणायची."

महेश हसून हसून खोकायला लागला. सगळे मजेत होते. निघायच्या गडबडीत शकू दाराशी बूट चढवत होती, तिची पर्स सोफ्यावर होती. मी ती उघडली. आत कागदात गुंडाळलेल्या पांढऱ्या गोळ्यांच्या तीन नळ्या आणि बिस्किटांचा एक पुडा. मी ते सगळं काढलं आणि स्वयंपाकघरात पुसायच्या फडक्यांच्या ड्रॉवरमध्ये तळाशी ठेवलं. आपण काही वाईट करतो आहोत असं मला जराही वाटलं नाही. तिच्या पानात काय पडावं आणि काय नाही हे मीच बघत आले होते.

सकाळी शकूने एक टोस्ट खाल्ला होता. आम्ही ट्यूबने, म्हणजे तिकडच्या जमिनीखालच्या रेल्वेने, तासभर गेलो, मग महेशने सिंहांचे पुतळे असलेला चौक दाखवला, मग आणखी काहीतरी दाखवलं. पाय दुखेपर्यंत चाललो. मग चिनी लोकांची गल्ली आली. लाल कागदी दिवे टांगलेले, आणि काचेमागे भाजलेली बदकं, मान वर करून ओळीने लटकवलेली. तेलाचा, आल्याचा आणि मासळीचा एकत्र वास. मला तो आवडला. कष्टाच्या स्वयंपाकघराचा वास होता.

हॉटेलच्या दारात गर्दी. वाढणारी पोरगी म्हणाली, पंधरा मिनिटं. शकूने घड्याळ पाहिलं आणि केतकीला म्हणाली, "मग मी सुई घेऊन टाकते, म्हणजे जेवण समोर येईपर्यंत सुईला लागतो तो अर्धा तास होईल." सुईची डबी केतकीच्या पिशवीत होती, ती शकूला आत बाथरूममध्ये घेऊन गेली. पंधरा मिनिटांची चाळीस झाली. आणि एवढ्यावरच भागलं नाही. आपल्याकडे हॉटेलात बसलं की शिजलेलं ताट येतं. इथे सगळं कच्चं येतं, हे शकूला कुठून माहीत असणार?

अशा हॉटेलात जाणाऱ्यांसाठी इथे नीट सांगते. टेबलाच्या मध्ये शेगडी असते, तिच्यावर भांडं. भांड्याच्या मध्ये पत्र्याची नागमोडी भिंत, एका बाजूला पांढरा रस्सा आणि दुसऱ्या बाजूला लाल. पांढरा हाडांचा असतो, चवीला सौम्य, आल्याचा. लाल दिसतो आपल्या कटासारखा, पण त्यात मिरचीबरोबर एक कोकणातल्या तिरफळासारखा दाणा असतो, त्याने जीभ बधिर होते. पोळत नाही, मुंग्या येतात. दोन्ही मागवा. फक्त लाल मागवू नका.

मग एक लांब कागद आणि पेन्सिल देतात. पदार्थांची नावं छापलेली, पुढे चौकट. पाहिजे त्यावर खूण करायची. पेन्सिल मी घेतली. केतकी वाचून अर्थ सांगत होती, मी खुणा करत होते. बोकडाचं मटण कागदासारखं पातळ कापून, गुंडाळ्या करून आणतात. ते मागवाच, रश्शात दहा आकडे मोजले की शिजतं. कोळंबी मागवा. अळंबी तीन-चार जातींची असते, त्यातली काळी घ्या. कमळाचा देठ चकत्या करून येतो, त्याला भोकं असतात, करकरीत लागतो. टोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर, ते सगळ्यात शेवटी घाला, नाहीतर विरघळतं. माशांचे गोळे मी मागवले पण ते रबरासारखे निघाले, मागवू नका. कोबी आणि पालक भरपूर घ्या.

"आईंसाठी राइस आधीच सांगू का?" केतकीने विचारलं.

"साखरवालीला भात कशाला? तिला पालेभाजी दे, रस्सा पिऊ दे."

शकू हळूच म्हणाली, "थोडा चालतो ताई. सुई घेतलीय मी."

"भात खायचा म्हणून सुई घ्यायची, सुई घेतली म्हणून भात खायचा. हे कुठे थांबायचं?"

महेश म्हणाला, "मोठी आई आता डॉक्टर झाली. आई, शेवटी नूडल्स घालू ना आपण. तोवर सगळा फ्लेवर रश्शात उतरतो. चिनी लोक तसंच करतात."

भाताची चौकट मी कोरी सोडली.

भांडं यायला वेळ, उकळी यायला वेळ. उकळी आल्यावर शकूने झारा हातात घेतला. कुणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप गेला. मटणाची एक एक गुंडाळी सोडायची, उलगडली की उचलायची. पहिली महेशला, दुसरी केतकीला, तिसरी मला. मग परत महेशला. तिचा अंदाज असा की एक तुकडा जास्त शिजला नाही. चिनी पोरगी सुद्धा उभी राहून बघत होती. सॉससाठी वाट्यांत तिळाचा कूट, लसूण, कोथिंबीर, मिरची ठेवलेली असते, आपण मिसळायचं. शकूने माझ्यासाठी तिळाचं वाटण कालवून दिलं. ते मी बोटाने चाटलं. तिच्या स्वतःच्या वाटीत कोबीची दोन पानं होती, तीही गार झालेली.

शेजारच्या टेबलावर एक चिनी कुटुंब होतं. मधे एक म्हातारा, सत्तरीच्या पुढचा. त्यांच्यात जो कोणी भांड्यातून काही उचलेल तो पहिलं त्या म्हाताऱ्याच्या वाटीत टाकायचा. सून, नातवंडं, सगळे. म्हातारा वैतागून वाटीवर हात धरायचा तरी टाकायचे. मला ते पाहून हसू आलं. मी महेशला म्हटलं, "बघ, म्हाताऱ्याला कोंबतायत कसे." आपल्यात करणारी शेवटी बसते. खानावळीत शेवटचं गिऱ्हाईक उठलं की शकू बसायची, कधी कधी चार वाजायचे. त्यात काही चूक आहे असं मला कधी वाटलं नाही. त्या दिवशीही नाही.

वाफेने आम्हा सगळ्यांना घाम फुटला होता. शकूच्या कपाळावरून तर धारा लागल्या होत्या, पोलक्याचा गळा भिजला. महेश म्हणाला, "आई, तुला बघ, अंघोळ केल्यासारखी झालीस!" आम्ही हसलो. तीही हसली, पण जरा उशिरा हसली.

मग तिने कच्ची कोळंबी उचलून महेशच्या वाटीत ठेवली.

"अहो आई, रॉ आहे ती!" केतकी म्हणाली.

शकूने तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

"लक्ष कुठे आहे तुझं?" मी म्हणाले. "भात दिला नाही म्हणून रुसलीस का?"

"ताई," ती म्हणाली, "पंगत उठली का?"

मला वाटलं टोमणा मारते. एवढ्या वर्षांत तिने टोमणा मारला नव्हता, म्हणून मला राग आला. मी म्हणाले, "नाटकं करू नकोस पोरांसमोर. गप खा."

झारा तिच्या हातातून सुटला आणि भांड्यात बुडला. मग मान पडली.

पुढचं वर सांगितलं आहे. ती पोरगी माझे हात धरून उभी असताना चिनी बाईने काउंटरवरून साखरेच्या पुड्या आणल्या, दातांनी फाडल्या आणि बोट ओलं करून साखर शकूच्या गालाच्या आतून, हिरड्यांना चोळत राहिली. दंतमंजन लावल्यासारखी. सारखी काहीतरी बोलत होती, हळू आवाजात, लहान मुलाशी बोलतात तसं. मी अजून ओरडत होते. महेशने मला पहिल्यांदा, आयुष्यात पहिल्यांदा, दरडावलं. "मोठी आई, गप्प बस!"

अँब्युलन्सची हिरव्या कपड्यांतली दोन माणसं आली, एक बाई आणि एक पुरुष. शकूच्या बोटाला टोचून रक्त मशीनला लावलं. बाई म्हणाली, "वन पॉइंट एट." आपल्याकडे हा आकडा शंभर, दीडशे असा असतो, तिकडे मोजायची तऱ्हा वेगळी आहे. मला काहीच कळलं नाही. महेशचा चेहरा पाहून कळलं. त्यांनी तिच्या मांडीत एक इंजेक्शन दिलं. मग वाट पाहिली. भांडं तसंच उकळत होतं, शेगडी बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. मटणाच्या उरलेल्या गुंडाळ्या ताटात सैल पडल्या होत्या.

शकूने डोळे उघडले तेव्हा तिने पहिलं विचारलं, "माझी पर्स कुठे आहे?"

दवाखाना

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईने केतकीला समजावलं आणि केतकीने मला. सुई साखर खाली आणते. वर जेवण पडलं नाही तर ती खालीच जात राहते, चुलीवर रिकामं भांडं ठेवल्यासारखं. म्हणून जवळ गोड ठेवायचं. म्हणून भात. हॉटेलवालीच्या नवऱ्याला हाच आजार होता, असं तिने केतकीला सांगितलं होतं. तिने अजून थोडा उशीर केला असता तर काय झालं असतं, हे डॉक्टरीणबाईने सांगितलं की नाही मला ठाऊक नाही. केतकीने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

शकू पलंगावर बसली होती. गाउनमध्ये ती फार लहान दिसत होती. महेशने पर्स पलंगावर उपडी केली. रुमाल, कंगवा, चष्मा, देवीचा छोटा फोटो.

"आई, गोळ्या कुठे आहेत?"

केतकी म्हणाली, "मी स्वतः भरल्या होत्या आई. तीन पॅक. बिस्किटं पण."

मी पलंगाच्या पायाशी उभी होते. शकूने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. पर्स उघडून बघायच्या आधीच कळलं असणार, निघताना सोफ्यापाशी माझ्याशिवाय होतं कोण? एक क्षण पाहिलं आणि मुलाकडे वळून म्हणाली, "मीच काढून ठेवल्या. पर्स जड होत होती."

"जड होत होती? आई, ग्लुकोजच्या गोळ्या जड होत होत्या?"

"विसरले परत भरायला."

महेश तिला फार बोलला. प्रेमाने बोलला, घाबरून बोलला, पण फार बोलला. तुला सिरियसनेस नाही, तुला एवढं समजावलं होतं, तू लहान आहेस का. ती मान खाली घालून ऐकत होती. मी तिथे उभी होते, तोंड होतं मला, आणि मी एक शब्द बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी तिला घरी आणलं. दुपारी पोरं कामाला गेल्यावर मी ड्रॉवरमधून गोळ्या काढल्या आणि तिच्या उशापाशी ठेवल्या. ती जागी होती.

मी म्हणाले, "तू ठामपणे बोलायचं होतंस."

आजही लिहिताना मला पटत नाही की मी हेच बोलले. दुसरं काहीतरी बोलायला गेले होते.

शकू म्हणाली, "ताई, मी ठामपणे बोलले आणि तुम्ही ऐकलंत, असं कधी झालंय?" रागाने नाही म्हणाली. मग कुशीवर वळली.

स्कॉटलंडला जायचं ठरलं होतं, ते रद्द झालं. दोन आठवडे आधीचं तिकीट काढलं. त्या मधल्या दिवसांत मी काय पाहिलं ते मला सांगता येणार नाही. एका बागेत नेलं होतं, मोठी होती. चिनी बाईकडे केतकी मिठाई घेऊन गेली. मला "चला" म्हणाली, मी गुडघा दुखतो म्हणाले. गुडघा दुखत नव्हता. त्या बाईचे पाय धरायला हवे होते आणि मी टीव्ही बघत बसले.

निघायच्या आदल्या दिवशी महेश फोनवर होता, नागपूरला त्याच्या बहिणीशी. मी स्वयंपाकघरात होते, दार उघडं होतं. "अगं तिला समजत नाही. गोळ्या घरी ठेवून जाते. कराडला त्या खानावळीच्या रगाड्यात तिच्याकडे कोण बघणार? मोठी आई स्वतःच थकलीय. तू तिला तुझ्याकडे घेऊन जा."

एका वाक्याचं काम होतं. बाहेर जाऊन म्हणायचं, गोळ्या मी काढल्या. त्याने शकूला हलगर्जी समजणं थांबवलं असतं, आणि शकू कराडला राहिली असती. मी गेले नाही. त्याने मला मोठी आई म्हणणं बंद केलं तर मला दुसरं कुणी तसं म्हणणारं नाही. एवढंच कारण. यापेक्षा चांगलं कारण माझ्याकडे नाही.

परत

कराडला आल्यावर आठ दिवसांत नागपूरहून शकूचा जावई आला आणि शकूला घेऊन गेला. जाताना तिने मसाल्याचे डबे मला दाखवून दिले, कुठल्या डब्यात काय, जणू मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. चाळीस वर्षांत मी चुलीकडे वळून बघितलं नव्हतं. एक आचारी ठेवला, त्याचा रस्सा लोकांना आवडला नाही. सहा महिन्यांत खानावळ बंद केली.

लोक विचारतात, लंडनला काय पाहिलं? मी विमानं सांगते, नळ सांगते, वेम्बलीची मेथी सांगते. हॉटपॉटचं सांगितलं तर पदार्थ सांगते. आता ज्यांना कुणाला जायचं आहे, आणि ज्यांच्याबरोबर सुई घेणारं माणूस आहे, त्यांनी एवढं करा. बसल्या बसल्या पहिली खूण भातावर करा. तो शिजलेला येतो, लगेच येतो. सुई भात समोर आल्यावर घ्या, दाराशी उभं राहून नाही. पहिला घास त्या माणसाच्या वाटीत घाला. त्याच्या पर्सला हात लावू नका.

महेशला मी अजून सांगितलेलं नाही. हे तो वाचेल तेव्हा कळेल. शकूने मला हे लिहायला सांगितलेलं नाही, तिला विचारलेलंही नाही. फोनवर आम्ही भाज्यांचं बोलतो.

त्या दिवशी त्या टेबलावर आम्ही चौघं होतो आणि मरणाच्या दारात होती ती शकू. ती वाचली. नागपूरला लेकीकडे असते, वेळेवर सुई घेते, आणि सगळ्यांच्या आधी जेवते.